अटलांटिकवर सात रात्री: काय नेसायचं आणि कसं जेवायचं

क्युनार्ड कंपनीचं क्वीन मेरी २ हे जहाज साउदम्पटनहून सुटतं आणि सात रात्रींनी न्यूयॉर्कला लागतं. मधे एकही बंदर नाही. तीन हजारांहून जास्त सागरी मैल नुसतं पाणी. मुंबई-गोवा-लक्षद्वीपच्या किंवा भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर दिवसभर किनाऱ्यावर भटकंती होते, संध्याकाळी पाय बोलायला लागतात आणि जेवायला कोण काय घालून आलं याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. इथे उलट आहे. दिवस मोकळा आणि संध्याकाळी सहानंतर अख्खं जहाज नटायला लागतं. म्हणून या वर्णनात लाटा आणि सूर्यास्त कमी, कपडे आणि जेवणाची टेबलं जास्त आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसा जहाजावर चढण्याआधीच हवेत. समुद्रमार्गे उतरलं तरी अमेरिकेचा नेहमीचा बी१/बी२ व्हिसाच लागतो.

निघण्याआधी: बॅग भरताना

सात रात्रींपैकी साधारण दोन रात्री ‘गाला इव्हिनिंग’ असतात. बाकीच्या रात्री ‘स्मार्ट अटायर’. गालाच्या तारखा आणि त्यांचे विषय (काळा-पांढरा, मुखवटा वगैरे) बुकिंगच्या कागदांत आधी कळतात. ते बघूनच बॅग भरावी, कारण विषय सफरीगणिक बदलतात.

स्मार्ट अटायर म्हणजे पुरुषांना कॉलरचा शर्ट, नीट इस्त्रीची पँट आणि बंद बूट. कोट हवा तर घाला, टायची सक्ती नाही. गडद रंगाची, न फाटलेली जीन्स चालते. बायकांना साडी, सलवार-कमीज, ड्रेस, स्कर्ट-टॉप, काहीही चालतं. शॉर्ट्स, बिनबाह्यांचे बनियन, पोहण्याचे कपडे मात्र संध्याकाळी नकोत.

गालाला पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, सोबत बो टाय किंवा साधा टाय. बायकांनी लांब किंवा कॉकटेल ड्रेस. आणि आपल्या कामाचं कलम पुढे येतं: औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य आहे. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो तसा आपण बंदगळा घालून जावं. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या कितीतरी जणांनी याच सफरीसाठी टक्सेडो शिवून घेतलेला असतो आणि परत आल्यावर तो कपाटात लटकतो. त्यापेक्षा काळा किंवा गडद निळा बंदगळा शिवा. तो लग्नातही चालतो, त्याला बो टाय लागत नाही, खास शर्ट लागत नाही, बटणं हरवत नाहीत. कुर्ता-चुडीदारावर नेहरू जॅकेटही शोभतं, पण कापड रेशमी किंवा लोकरी हवं. सुती खादीचं जॅकेट दिवसा छान दिसतं, रात्रीच्या झुंबराखाली मात्र फिकं पडतं.

ज्यांना डिनर जॅकेटच हवं, त्यांच्यासाठी यादी: जॅकेट, बाजूने साटीनची पट्टी असलेली पँट, पुढे चुण्यांचा पांढरा शर्ट, कफलिंकची एक जोडी, शर्टाच्या पुढच्या भोकांसाठी तीन-चार सुटे स्टड, काळा बो टाय, कमरपट्टा (शर्टावरून कमरेला बांधायची रुंद, चुण्यांची कापडी पट्टी) आणि काळे पॉलिशचे बूट. कमरपट्ट्याच्या चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला यायला हवीत. या पँटला नेहमीचा चामड्याचा पट्टा लावत नाहीत. सर्वांत जास्त विसरले जातात ते स्टड, कारण ते शर्टाबरोबर येत नाहीत आणि साध्या बटणांसारखे शिवलेलेही नसतात. स्टड आणि कफलिंक एका छोट्या डबीत घालून ती डबी बुटात ठेवावी.

साड्यांचं वजन हा दुसरा मुद्दा. जहाजावर सामान भरपूर नेता येतं, पण न्यूयॉर्कहून परतताना विमानाचा काटा असतो. दोन भारी साड्या पुरतात. जरीची साडी मलमलच्या कापडात गुंडाळा आणि नेहमीच्या घडीवर घडी न घालता ती थोडी सरकवून घाला. एकाच घडीवर जरीची तार वर्षानुवर्षं मोडत राहिली की तिथेच तुटते. अत्तर साडी नेसण्याआधी लावायचं, जरीवर कधीच फवारायचं नाही. जरीची तार काळी पडते.

आणखी एक: केबिनमध्ये इस्त्री किंवा स्टीमर न्यायला बंदी आहे, आगीच्या भीतीने. तपासणीत सापडला तर काढून ठेवतात आणि शेवटी परत देतात. इस्त्री धुलाईच्या खोलीत मिळते, त्याबद्दल पुढे येईलच. केबिनमध्ये ब्रिटिश तीन पिनांचे आणि अमेरिकन चपट्या पिनांचे सॉकेट आहेत. आपली गोल पिन दोन्हींत बसत नाही, अडॅप्टर हवाच.

पहिला दिवस: साउदम्पटन

धक्क्यावर हमालांच्या हाती मोठ्या बॅगा दिल्या की त्या थेट केबिनच्या दारात येतात, पण कधी तासाभरात तर कधी जेवणाची वेळ झाल्यावर. म्हणून रात्रीच्या जेवणाचे कपडे, औषधं आणि चार्जर हातातल्या पिशवीत ठेवावेत.

पहिल्या रात्री गाला कधीच नसतो. ही जुनी रीत आहे. लोखंडी कोपऱ्यांच्या पेट्या घेऊन लोक बोटीने जायचे त्या काळातही पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटून जेवायला जाण्याचा प्रघात नव्हता. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसायच्या, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असायच्या. आज पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या, वेळापत्रक तेच राहिलं.

दुपारी सुरक्षा कवायत संपली की एक काम लगेच उरकायचं: ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये जाऊन आपलं टेबल बघून यायचं. हे मुख्य भोजनगृह खूप मोठं आहे, दोन डेकवर पसरलेलं, मधे भव्य जिना. तिथे दोन पाळ्या असतात, संध्याकाळी सहाची आणि साडेआठची. टेबल नंबर केबिनच्या कार्डावर असतो आणि सातही रात्री तोच राहतो, तेच वेटर, तेच शेजारी. दोघांचं टेबल मागता येतं, पण या सफरीवर ते मागू नये. सहा किंवा आठ जणांचं टेबल घ्या. सात दिवस बंदर नसताना ओळखी होण्याची हीच जागा.

पाळी कुठली घ्यावी? पश्चिमेकडे जाताना घड्याळं पाच रात्री एकेक तास मागे जातात, कारण लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचं अंतर आहे. म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. साडेआठला जेवून, नाचून, बाराला झोपलं तरी सकाळी झोप पूर्ण होते. त्यामुळे या दिशेला उशिराची पाळीच चांगली. लहान मुलं किंवा मधुमेहाची गोळी वेळेवर घ्यावी लागणारी मंडळी असतील तर सहाची. जागा शिल्लक असेल तर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरकडे पाळी बदलून मिळते, दुसऱ्या दिवसापासून ते अवघड होत जातं.

शाकाहाऱ्यांनीही पहिल्याच रात्री हेड वेटरशी बोलावं. रोजच्या मेन्यूत शाकाहारी पदार्थ असतातच, पण ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. नेमकं विचारायचं. भाज्यांचं सूप कोंबडीच्या पाण्यात उकळलंय का? सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही मासा आहे का? पन्ना कोट्टा आणि मूसमध्ये जिलेटिन आहे का? पार्मेजान चीज वासराच्या रेनेटने (त्याच्या पोटातल्या पाचकरसाने) लावलेलं असतं, कडक शाकाहारी असाल तर तेही सांगा. वूस्टर सॉसमध्येही अँकोव्ही असतो, तो ज्या पदार्थात जातो ते सोडावे लागतात. जैन जेवणाची सोय बुकिंगच्या वेळीच लेखी मागावी, जहाजावर चढून मागितली तर बटाटा-कांद्याशिवाय काय करायचं हे त्यांना ऐनवेळी सुचणं कठीण.

आमच्या टेबलाला मदतनीस म्हणून आलेला मुलगा गोव्यातल्या साष्टीचा निघाला. पहिल्याच रात्री हळू आवाजात म्हणाला, “ताई, उद्याचं मेन्यूकार्ड मी आजच आणून देतो. आत्ता खूण केलीत तर किचनला वेळ मिळतो, उद्या ऐनवेळी सांगितलंत तर पास्ताच येईल.” ही युक्ती सगळ्या मोठ्या जहाजांवर चालते आणि सात दिवस आमच्यासाठी चालली. गोव्याच्या तारवटींचं (खलाशांचं) आणि ब्रिटिश बोटींच्या भोजनगृहांचं नातं फार जुनं आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार स्टुअर्ड आणि स्वयंपाकी असत. कोकणी किंवा मराठीत दोन शब्द बोललात तर त्या माणसाचा चेहरा उजळतो, आणि वाढणंही थोडं सढळ होतं.

दुसरा दिवस: समुद्र

सकाळी केबिनच्या दारात दिवसाचा कार्यक्रमपत्रक असतो. त्यात आज संध्याकाळचा पोशाख काय ते छापलेलं असतं. आधी ती ओळ वाचायची, मग बाकीचं.

दिवसा बंधन नाही. सातव्या डेकवर जहाजाला पूर्ण फेरी मारता येते, तीन फेऱ्यांत साधारण पावणेदोन किलोमीटर. उघड्या डेकवर वारा भलताच असतो, कारण जहाजाचा स्वतःचा वेगही त्यात मिसळतो. ओढणी आणि सुटा पदर इथे आवरत नाही, बंद जॅकेट हवं. दुपारी बारा वाजता भोंगा होतो आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, जहाज कुठे आहे, पाणी किती खोल आहे, वारा किती आहे ते सांगतात. भोजनगृहात त्यावर गप्पा रंगतात.

साडेतीनचा चहा क्वीन्स रूममध्ये. पांढरे हातमोजे घातलेले वेटर रांगेने येतात, सँडविचच्या पातळ पट्ट्या, गरम स्कोन (छोटे ब्रिटिश पाव), क्रीम आणि जॅम, बाजूला पियानो किंवा छोटा वाद्यवृंद. खास पोशाख लागत नाही, पण ट्रॅकसूटमध्ये कुणी दिसत नाही. तीन वीसला पोचलात तर बसायला जागा मिळते. दोन स्कोन खाल्ले की सहाच्या पाळीचं जेवण जात नाही, हे हिशेबात धरावं.

याच खोलीत सकाळी नाच शिकवतात. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चा-चा. फुकट असतं, जोडीदार लागत नाही. गालाच्या रात्री फक्त कडेला उभं राहायचं नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला जावंच. एका तासात वॉल्ट्झचा चौकोन पायात बसतो आणि रात्री तेवढ्यावर निभावतं.

तिसरा दिवस: काळा-पांढरा गाला

या दिवशी खरी गर्दी धुलाईच्या खोलीत असते. मशीन, साबण, ड्रायर, इस्त्री, सगळं मोफत. आणि म्हणूनच दुपारी तीननंतर इस्त्रीच्या टेबलासाठी रांग. सकाळी नाश्त्याच्या वेळी जा, खोली रिकामी मिळते. जरीच्या साडीवर इस्त्री कमी तापमानावर, वर सुती कापड घालून, उलट्या बाजूने. इथल्या इस्त्र्या वाफेच्या असतात. वाफ बंद करून मगच रेशमावर ठेवा, कारण पाण्याचा थेंब पडला की डाग राहतो. रांगेत उभ्या असलेल्या यॉर्कशरच्या एक बाई दर वर्षी याच जहाजाने मुलीकडे अमेरिकेला जातात. त्यांनी सांगितलं की नवऱ्याच्या शर्टाचा फक्त पुढचा भाग, कॉलर आणि कफ इस्त्री करायचे, बाकीचं जॅकेट झाकतं. अर्ध्या वेळात रांग पुढे सरकते.

बो टाय बांधायची पद्धत इथेच सांगते, कारण संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक दुसऱ्या केबिनमधून यावरूनच हाका येत असतात. टाय गळ्यात घालून एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवायचं. लांब टोक आखूड टोकावरून नेऊन खालून वर काढायचं, म्हणजे गळ्याशी साधी गाठ होते. आता आखूड टोक आडवं दुमडून कॉलरच्या मध्यावर फुलपाखराच्या आकारात धरायचं. लांब टोक त्यावरून सरळ खाली सोडायचं. मग ते टोकही दुमडून, दुमडलेली बाजू पुढे करून, आडव्या फुलपाखराच्या मागे जी फट राहते तिच्यातून अर्धं आत ढकलायचं. शेवटी दोन्हीकडच्या दुमडलेल्या बाजू एकाच वेळी ओढल्या की गाठ आवळते. सुटी टोकं ओढली तर ती सुटते, सगळे फसतात ते इथेच. थोडा वाकडा राहिला तर राहू द्या, हाताने बांधलेला बो असाच दिसतो. तयार बांधलेला बो घातला तरी कुणी परत पाठवत नाही.

काळ्या-पांढऱ्या रात्रीसाठी मराठी घरात उत्तम वस्त्र आधीच असतं: चंद्रकळा. संक्रांतीला नेसतो ती काळी साडी, तिला जरीचे काठ. झुंबराच्या उजेडात काळ्यावरची जर जशी उठते तशी दुसऱ्या कुठल्या रंगावर उठत नाही. त्या रात्री जिन्यावरून उतरणाऱ्या दोन चंद्रकळांकडे शंभर काळ्या गाऊनमधूनही माना वळत होत्या.

पण जहाज हलत असतं. निऱ्यांची लांबी घरच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा, कारण जिना उतरताना डोलणाऱ्या जहाजात निरीवर पाय पडतो. टाच जाड आणि पाच सेंटिमीटरच्या आतली. टोकदार टाच गालिच्यात रुतते. आणि नाचायचं असेल तर पदराचा विचार आधीच करा. जोडीने नाचताना पुरुषाचा उजवा हात बाईच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर असतो, म्हणजे बरोबर जिथे आपला पदर पाठीवर सुटतो तिथे. पहिल्या गिरकीला पदर ओढला जातो आणि खांद्यावरची पिन ब्लाउज फाडते. उपाय: पदराच्या बारीक चुण्या करून खांद्यावर आतून पिन लावा, पाठीवरचा पदर उजव्या कमरेवरून पुढे आणून खोचा. पाठ मोकळी होते. नऊवारी नेसलेल्यांना ही अडचण कमी, कारण कासोट्यामुळे पायही मोकळे राहतात.

याच अटलांटिकवरून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये पोचल्या. सोबत घरचं माणूस नाही, ताटात खाण्याजोगं फार थोडं आणि अंगावर साडीच. पुढे वैद्यकीचं शिक्षणही त्यांनी साडीतच घेतलं. तेव्हा ‘राष्ट्रीय पोशाख मान्य’ असं कलम कुणी छापलं नव्हतं.

जेवणाच्या आधी ग्रँड लॉबीच्या जिन्यावर फोटोग्राफर उभे असतात. काढून घेण्याचे पैसे नाहीत, विकत घ्यायचे मात्र भरपूर. सहाच्या पाळीवाल्यांची गर्दी साडेपाचला, साडेआठवाल्यांची आठला. मधल्या सात वाजता जिना मोकळा असतो.

गालाचं जेवण नेहमीपेक्षा वजनदार असतं. लॉब्स्टर, बीफ वेलिंग्टन अशा पदार्थांची ही रात्र. शाकाहाऱ्यांना पफ पेस्ट्रीत भाज्या, मशरूम भरलेलं काहीतरी मिळतं आणि ते बहुतेक वेळा चांगलं असतं. टेबलावर सुऱ्या-काट्यांची रांग बघून बिचकू नका: बाहेरून आत यायचं, दर पदार्थाला एक जोडी. पावाची बशी डाव्या हाताची, ग्लास उजव्या हाताचे. खाताना थांबलात तर सुरी आणि काटा ताटलीत उलट्या व्हीसारखे, संपलं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी, दांडे आपल्याकडे. हे नीट केलं नाही तर वेटर भरलेली ताटली उचलून नेतो किंवा रिकामी तशीच ठेवून थांबतो, आणि मग आठ जणांचं टेबल खोळंबतं.

गांधीजी १८८८ मध्ये विलायतेला निघाले तेव्हा काटे-चमचे वापरता येत नव्हते आणि कुठला पदार्थ बिनमांसाचा हे विचारण्याचा धीर नव्हता. म्हणून ते भोजनगृहात जातच नसत, सोबतची मिठाई आणि फळं केबिनमध्ये खात. उतरताना पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला, सप्टेंबर संपत आलेला, धक्क्यावर तसे कपडे घातलेले ते एकटेच. आज विचारायला संकोच वाटत असेल तर आठवावं की नुसतं न विचारल्याने त्यांची अख्खी सफर मिठाईवर गेली.

ज्यांना नटायचंच नाही त्यांचं काय? त्या रात्रीही सातव्या डेकवरचं किंग्ज कोर्ट बुफे, तिथलाच कारिंथिया लाउंज आणि गोल्डन लायन पब साध्या कपड्यांना खुले असतात. किंग्ज कोर्टात करी-भात मिळतो. केबिनमध्येही जेवण मागवता येतं. फक्त ब्रिटानिया, क्वीन्स रूम आणि बरेचसे बार गालासाठी राखलेले. तिथे टी-शर्टवर शिरायचा प्रयत्न करू नये. दारातला माणूस नम्रपणे अडवतो, आणि ज्यांनी तासभर खपून तयारी केलीय त्यांच्यासाठी ते योग्यच आहे.

चौथा दिवस: धुकं

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह एकमेकांना भेटतात, त्यामुळे ग्रँड बँक्सच्या परिसरात धुकं दाटतं. भोंगा ठरावीक अंतराने वाजत राहतो. याच बाजूला, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात, टायटॅनिक आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री पहिल्या वर्गातली मंडळी नटून जेवली होती. वाचलेल्यांना समुद्रातून उचललं ते क्युनार्डच्याच कार्पेथियाने. टेबलावर त्या दिवशी सगळे जरा हळू बोलत होते.

संध्याकाळ साधी होती. अशा रात्री पैसे भरून वेगळ्या रेस्टॉरंटात जायचं. आठव्या डेकवरच्या व्हरांडात स्टेक आणि मासे मुख्य, शाकाहाऱ्यांना निवड थोडी. आरक्षण पहिल्याच दिवशी करा आणि गालाच्या रात्री मुद्दाम टाळा: गालाचं जेवण ब्रिटानियात भाड्यातच असतं, त्या रात्री वरचे पैसे भरून दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही.

पाचवा दिवस: मुखवट्यांची रात्र

मुखवटा जहाजावरच्या दुकानात मिळतो, पण महाग. घरून चपटा मुखवटा न्या, बॅगेत दोन पुस्तकांमध्ये ठेवला तर मोडत नाही. चष्मेवाल्यांनी दांडीचा मुखवटा घ्यावा, रबराचा चष्म्यावर बसत नाही आणि काचांवर वाफ धरते. जेवताना मुखवटा काढायचा असतो, ओठांपर्यंत येणारा घेतलात तर पेयही पिता येत नाही. मुखवट्यावर सोनेरी चमकी असेल तर ती रेशमावर सांडते आणि धुऊनही निघत नाही. कापडी मुखवटा सर्वांत बरा, त्यावर पैठणीच्या जुन्या काठाची पट्टी शिवली तर दुकानात मिळणार नाही असं काहीतरी होतं. आमच्या टेबलावरच्या नागपूरच्या एका आजींनी, त्या न्यूजर्सीला नातवाकडे निघाल्या होत्या, नेमकं हेच केलं होतं. वादकांनी मधल्या सुटीत येऊन तो मुखवटा हातात घेऊन पाहिला.

समुद्र त्या रात्री उंच होता. ब्रिटानिया जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. मळमळत असेल तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा जेवायला येणं बरं. हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं मागितली की लगेच आणून देतात. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यावर वाइन घेऊ नये. टेबलं पक्की असली तरी ग्लास पक्के नसतात, ते अर्धेच भरून घ्यावेत.

गोड पदार्थ म्हणून बेक्ड अलास्का आला तर तो नीट बघून खा. खाली केक, वर आइस्क्रीम, सगळ्यावर मेरिंगचा जाड थर, आणि तो थर वरून भाजलेला. आइस्क्रीम वितळत नाही, कारण फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात आणि ते उष्णता आत जाऊ देत नाहीत. पूर्वी क्रूझवर दिवे मालवून, पेटते अलास्का हातात घेऊन वेटरांची मिरवणूक निघायची. आगीच्या धोक्यामुळे आता बऱ्याच जहाजांनी ज्वाळा बंद केल्या आहेत. अंडं न खाणाऱ्यांना हा चालत नाही, त्यांनी आदल्या रात्री वेगळं सांगून ठेवावं.

जेवणानंतर क्वीन्स रूममध्ये बॉल, म्हणजे जोडीने नाचण्याचा कार्यक्रम. पूर्ण ऑर्केस्ट्रा, लाकडी फरशी, समुद्रावरच्या सर्वांत मोठ्या बॉलरूमपैकी ही एक. एकट्या आलेल्या बायकांशी नाचायला जहाजाने नेमलेले यजमान असतात, ते स्वतः येऊन अदबीने विचारतात. नको असेल तर नुसती मान हलवली तरी पुरतं.

सहावा आणि सातवा दिवस

या दोन दिवसांत फार काही घडत नाही. हवा उबदार होत जाते. वाचनालयात गर्दी, टेबलावर पत्त्यांची देवाणघेवाण. सहाव्या रात्री हेड वेटरला आधी सांगून ठेवलं असेल तर भारतीय जेवण करून मिळतं. आमच्या टेबलाला डाळ, भात, कोबीची भाजी आणि खीर आली. साष्टीच्या त्या मुलाने किचनमधल्या मंगळुरी स्वयंपाक्याकडून खास करवून घेतली होती. टेबलावरच्या इंग्रज जोडप्याने खीर दोनदा मागून घेतली. यासाठी निदान दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि गालाच्या रात्री हे होत नाही, किचनला तेव्हा सवड नसते.

वेटर आणि केबिन सांभाळणाऱ्यांसाठी रोजचं सेवाशुल्क बिलात आपोआप लागतं. खास मदत झाली असेल तर वेगळं पाकीट शेवटच्या जेवणाच्या वेळी हातात द्यावं, डॉलरमध्ये, कारण जहाजाचं चलन तेच आहे.

सातव्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. म्हणूनच त्या रात्री गाला नसतो. दर सफरीत कुणीतरी सकाळचे कपडेही बॅगेत भरून टाकतं आणि रात्रीच्या पोशाखात अमेरिकेत उतरतं. सकाळचे कपडे, बूट, पासपोर्ट आणि औषधं आधी खुर्चीवर काढून ठेवा, मग बॅगेची साखळी ओढा.

आठवा दिवस: न्यूयॉर्क

पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं. जहाजाची चिमणी याच पुलाचा विचार करून बुटकी ठेवलेली आहे. खालून बघताना आदळणारच असं वाटतं, मधलं अंतर थोड्या मीटरचंच आहे. सगळे वरच्या डेकवर जमतात, बहुतेक जण रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून. वारा बोचरा असतो, स्वेटर आणि कानटोपी घ्या. मग उजवीकडे ब्रुकलिन, डावीकडे लांब स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा.

नाश्ता किंग्ज कोर्टात लवकर उरकावा, ब्रिटानियात रांग लागते. ज्यांना स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत नेता येतात त्यांना सर्वांत आधी सोडतात. बाकीच्यांना रंगीत चिठ्ठ्यांच्या क्रमाने. इमिग्रेशनला दीड-दोन तास धरून चाला आणि परतीचं विमान त्या दिवशी दुपारच्या आधीचं मुळीच घेऊ नका. फळं, बिया, घरगुती लोणचं-चटणी असं काही उरलं असेल तर ते कस्टम्सला सांगा किंवा जहाजावरच सोडा. जरीच्या साड्या मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा, विमानात मोठ्या बॅगेत दाबल्या गेल्या तर घड्या मोडतात.